विद्यानगरची सॅक, अल्गोंक्विनची तळी

आमच्या विद्यानगरच्या शेजारच्या वस्तीचं नाव नल्लकुंटा. तेलुगूत 'नल्ल' म्हणजे काळं आणि 'कुंटा' म्हणजे तळं. तळं आता नावापुरतं. तिथे आज फीव्हर हॉस्पिटल, औषधांची दुकानं, भाजी बाजार आणि रिक्षांची गर्दी. अलीकडे आमचं छोटं रेल्वे स्टेशन, पलीकडे उस्मानिया विद्यापीठाची झाडी. अशा ठिकाणी चौतीस वर्षं राहिलेल्या बाईने एकसष्टाव्या वर्षी नावेतून जंगलात जायचं ठरवलं, तेव्हा अपार्टमेंटमधल्या मंडळींना ते चमत्कारिक वाटणारच. इथे नाव म्हणजे हुसेनसागरातली. बुद्धमूर्तीपर्यंत न्यायची, फोटो काढायचे, परत आणायची.

लेक आणि जावई कॅनडात, टोरांटोजवळ राहतात. दर उन्हाळ्यात चार दिवस ते अल्गोंक्विन पार्कमध्ये कनू घेऊन जातात. कनू म्हणजे वरून उघडी, निमुळती, एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची नाव. कयाक वेगळी, ती वरून झाकलेली, तिचं वल्हं दोन पात्यांचं. १८९३ साली स्थापन झालेलं हे पार्क साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे, आणि त्यात दोन हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे कनूचे मार्ग आहेत. रस्ता नाही, दुकान नाही, बहुतेक ठिकाणी फोनही लागत नाही. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायचं तर मधली जमीन पायी ओलांडायची, सामान पाठीवर आणि नाव डोक्यावर घेऊन. याला पोर्टेज म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच 'वाहून नेणं'.

लेकीने फोनवर सांगितलं, "आई, तू नुसती बसून चल म्हणत नाहीये. तुझं सामान तू उचलायचंस. जमेल?"

मला हा प्रश्न फार आवडला. इथे मला कुणी पिशवीसुद्धा उचलू देत नाही.

अडचण एकच होती, पण ती मोठी. मी एकोणीस वर्षं इन्सुलिन घेते. दिवसातून चार वेळा. ते भिजलं, तापलं, गोठलं किंवा तळ्याच्या तळाशी गेलं, तर सर्वात जवळचं औषधाचं दुकान एक दिवस वल्हवण्याच्या अंतरावर. आमच्या घरच्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे ते येणार नव्हतेच; पण त्यांनी तीन दिवस माझ्याशी याच एका विषयावर बोलणं केलं. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी नाही म्हटलं नाही. अटी घातल्या. इन्सुलिनचे दोन संच, दोन वेगळ्या माणसांकडे. रोजची पेनं अंगावर. साखर उतरली तर लागणारं ग्लुकोज एका हाताने, न बघता काढता आलं पाहिजे. वल्हवण्याने साखर झपाट्याने उतरते, म्हणून डोस कमी करण्याचा तक्ता त्यांनी लिहून दिला. घरी येताना मला कळलं की डॉक्टरांच्या निम्म्या अटी औषधाच्या नव्हत्याच, सॅकच्या होत्या.

घरात एक सॅक होती. तरुणपणी ह्यांनी हिमालयातल्या ट्रेकसाठी घेतलेली, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची, उंच, डोक्याच्या वर जाणारी. वस्तू सुरेख. पण ती डोंगराची. डोंगरात माणूस दिवसभर चालतो, म्हणून उंच सॅक आणि कमरपट्टा हवा. कनूत सॅक दिवसभर आडवी झोपते आणि अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं पाठीवर चढते. सांगाडा नावेच्या तळाला घासतो. उंच सॅक काठाच्या वर आली तर वारा धरते आणि नाव डोलते. शिवाय नाव डोक्यावर उलटी घेऊन चालणाऱ्या माणसाच्या मानेमागे उंच सॅक असेल तर नाव टेकवायची कुठे? म्हणून कनूची सॅक बुटकी, रुंद आणि मोठ्या तोंडाची असते. आपल्या वारकऱ्याच्या पडशीची चुलत बहीण म्हणा.

हे काही आजचं शहाणपण नाही. फर घेऊन जाणारे जुन्या काळचे फ्रेंच-कॅनेडियन नावाडी नव्वद पौंडांचं एक, अशी दोन गाठोडी एकावेळी उचलत. म्हणजे ऐंशी किलोंच्या वर! वजन पेलायचं ते डोक्यावरून घेतलेल्या चामडी पट्ट्यावर. पुढे अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या कामिय प्वारिए नावाच्या माणसाने १८८२ साली कॅनव्हासच्या सॅकचं पेटंट घेतलं. तिला खांद्याचे पट्टे, छातीचा पट्टा, डोक्याचा पट्टा आणि छत्री अडकवायची सोय होती. छत्रीचं वाचून आमच्या ह्यांना तो माणूस कोकणातला वाटला.

आता निवड तीन गोष्टींत होती. पहिली, निळी प्लॅस्टिकची पिंपं. तीस आणि साठ लिटरची, वर पत्र्याच्या पट्टीने आवळायचं झाकण. पाणी जात नाही, वास येत नाही, उलटली तर तरंगतात. जेवणाच्या सामानाला उत्तम, पण पाठीला दगडासारखी. पिंप जावयांकडे गेलं. दुसरी, तोंड गुंडाळून बंद करायच्या पीव्हीसीच्या जलरोधक पिशव्या. एक मागवून बघितली. पिशवी चांगली, पट्टे म्हणजे शाळकरी दप्तराचे. पट्टे बदलायचे तर सुई मारावी लागणार, आणि शिवण म्हणजे काय, तर भोकांची रांग. पाणी अडवणाऱ्या कापडाला भोकं पाडली की ते पाणी अडवत नाही. तिथेच निर्णय झाला. तिसरी गोष्ट घ्यायची, प्वारिएची. बाहेर कॅनव्हासची सॅक, तिला हवी तेवढी शिवण मारा, आणि आत जाड प्लॅस्टिकची अखंड पिशवी. भार बाहेरच्या कापडाने घ्यायचा, पाणी आतल्या पिशवीने अडवायचं. दोघांना दोन कामं दिली की कुणावर जुलूम होत नाही.

कॅनव्हास सिकंदराबादच्या राणीगंजातून आणला. ट्रकच्या ताडपत्र्यांचा जाड माल खांद्याला फार जड होतो, म्हणून त्याच्या खालचा घेतला. माप मी वर्तमानपत्रावर काढलं. उंची २२ इंच, रुंदी १७, खोली ८. म्हणजे साधारण पन्नास लिटर. जावयांच्या कनूची मधली खोली तेरा-चौदा इंच, त्यामुळे सॅक आडवी ठेवली की काठाच्या खालीच राहणार.

शिवायला आमच्या कोपऱ्यावरचे चेनवाले भाई. पर्सची चेन, दप्तराचा पट्टा, सूटकेसचं चाक, सगळं करतात. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"अम्मा, इत्ती चौडी कायकू? आदमी है के तकिया?"

मी त्यांना नाव, तळी, पोर्टेज सगळं समजावलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "ऐसा बोलो ना. पानी का थैला." मग त्यांनी माझ्या कागदावरचे पट्टे खोडले. खांद्याचे पट्टे मी वरच्या कडेला शिवायला सांगत होते. त्यांचं म्हणणं, कडेला ओढ आली की कापड उसवतं. पट्टा चार बोटं खाली घ्यायचा, मागून चामड्याचा तुकडा लावायचा, वर चौकोनी शिलाई आणि चौकोनात फुली. मी शिक्षिका होते, माझं काढलेलं कुणी खोडलं की मला आधी राग येतो. पण विद्या त्यांच्याकडे होती. पट्टे मात्र त्या जुन्या डोंगरी सॅकचे काढून लावले. त्यात चांगला जाड फोम होता, आणि ते कापायला ह्यांनी स्वतः ब्लेड आणून दिलं. तेव्हा मला समजलं की परवानगी मिळाली.

डोक्याच्या पट्ट्यासाठी भाई नायलॉन सुचवत होते. मला नवार हवी होती. पलंगाची जुनी सुती नवार माळ्यावर होतीच. ती घामाने घसरत नाही आणि केसांना ओढत नाही. हा पट्टा कपाळावर नाही, टाळूच्या जरा पुढे येतो. मान सरळ ठेवली की ओझं कण्यातून थेट खाली उतरतं. नांदेडला माझी आजी चुंबळीवर घागर आणि घागरीवर कळशी घेऊन गोदावरीवरून यायची, ती याच हिशेबावर. (आमचं नांदेड १९५६ साली मुंबई राज्यात गेलं, वडील नोकरीमुळे हैदराबादेतच राहिले. त्यामुळे आमच्या घरात अर्धी मराठी, अर्धी दखनी, आणि भांडण तेलुगूत.)

आता औषधाची जागा. इथे मी सर्वात जास्त वेळ घालवला. इन्सुलिनला ऊन चालत नाही. वापरात घेतलेलं साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला टिकतं, पण तीस अंशांच्या वर नको. ऑगस्टमध्ये अल्गोंक्विनची हवा सुखाची, पण उन्हात पडलेल्या सॅकची वरची बाजू तापतेच. मग सॅकमध्ये गार जागा कुठली? तळाची. कनूचा तळ पातळ असतो, त्याच्या खाली तळ्याचं पाणी, म्हणजे तळाला टेकलेली बाजू दिवसभर थंड. पण नावेत वल्ह्यावरून ठिबकलेलं पाणी साचतं तेही तिथेच. तेव्हा गार हवं तर ओल आली. त्यावर उपाय निघाला स्वयंपाकघरातून. लोणच्याची फिरकीच्या झाकणाची रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी. आत मऊ कापडात गुंडाळलेली पेनं. बादलीत रात्रभर दाबून ठेवली, सकाळी आतला टिपकागद कोरडा. नावेत आडवी पडणारी जी बाजू, त्या बाजूला आतून या बरणीच्या मापाचा कप्पा शिवून घेतला. वरच्या बाजूला भाईंनी कापडावर माझ्या सांगण्यावरून पांढऱ्या दोऱ्याने बाण काढला: ही बाजू आभाळाकडे.

आणि डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर लाल रेक्झिनचा खिसा. चेन नाही, चिकटपट्टी. चेन लावायला निघालेल्या चेनवाल्याला चेन नको म्हणणं अवघड गेलं. पण हात थरथरत असताना चेनचं टोक सापडत नाही, हे साखर उतरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या आणि एक शिट्टी, बस्स. दुसरा संच लेकीच्या सॅकमध्ये, तिच्याही डाव्या बाजूला.

सराव सुरू झाला. सॅकमध्ये नऊ किलो तांदूळ भरले, रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन केलं आणि पहाटे विद्यापीठात चालायला लागले. १९३९ साली उघडलेल्या आर्ट्स कॉलेजच्या त्या गुलाबी दगडी इमारतीसमोर रोज फिरणारी मंडळी आहेत. त्यांच्यातल्या एका आजोबांनी विचारलं, "काय हो, यात्रेला?" मी म्हटलं, "हो." खोटंही नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात नवारीचा पट्टा डोक्यावर घेतला, तेव्हा कुत्र्यांनी आक्षेप घेतला. वल्हवण्याचा सराव विकाराबादजवळच्या कोटपल्ली जलाशयात दोन रविवार केला. तिथे कयाक मिळते, कनू नाही, पण खांदे कुठे दुखतात ते समजायला तेवढं पुरे. खरं म्हणजे पोर्टेज आपल्याकडेही आहेच. नागार्जुनसागरच्या बाजूला कृष्णेवरचे कोळी आपली गोल 'पुट्टी' पाठीवर पालथी टाकून काठाने चालताना पाहिलेत? दुरून कासव उभं राहिल्यासारखं दिसतं.

प्रवासाचं फारसं सांगत नाही. इन्सुलिन हातातल्या सामानात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. सॅक चेक-इनमध्ये, आत भडंग, मेतकूट, भाजलेलं बेसन आणि शेंगदाण्याची चटणी. अल्गोंक्विनच्या आतल्या भागात खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे आणि बाटल्या न्यायला बंदी आहे. औषधाच्या बाटल्यांना ती लागू नाही, हे मी आधीच पाहून घेतलं होतं. डबाबंद अन्नाशिवाय चार दिवस कसे काढायचे हा प्रश्न मात्र आपल्या लोकांना पडू नये.

टोरांटोहून तीन-साडेतीन तासांवर कनू लेक नावाच्या तळ्यावरून निघालो. (लेकीबरोबर लेकवर, असा विनोद जावयांनी पहिल्या दहा मिनिटांत उरकून घेतला.) टॉम थॉमसन हा कॅनडाचा मोठा चित्रकार १९१७ च्या जुलैत याच तळ्यात बुडून गेला. पाणी चहाच्या कोऱ्या अर्कासारखं तांबूस, पण स्वच्छ. तीन बाजूंना झाडं, आणि वल्हं पाण्यातून काढल्यावर गळणाऱ्या थेंबांचा आवाज. इतकी शांतता मी विद्यानगरात फक्त कर्फ्यूत ऐकली आहे.

पहिलं पोर्टेज कनू लेक ते जो लेक, २९५ मीटर. सुरुवातीला पिवळी पाटी, तिच्यावर अंतर लिहिलेलं. जावयांनी कनू उलटी करून खांद्यांवर घेतली. हलक्या बनावटीची, तरी वीसेक किलो. मी सॅक आधी मांडीवर घेतली, मग एक खांदा, मग दुसरा, मग नवार. आणि चालायला लागले. ओझं खरंच कण्यातून उतरत होतं. २९५ मीटर म्हणजे आमच्या फाटकापासून चेनवाल्या भाईंच्या खुर्चीपर्यंत, एवढंच. पलीकडचं पाणी दिसलं तेव्हा मी एकही शब्द बोलले नाही, कारण दम लागला होता.

दुसऱ्या दिवशीचं पोर्टेज लांब होतं, चढाचं, मुळ्यांनी आणि चिखलाने भरलेलं. सकाळभर वाऱ्याविरुद्ध वल्हवलं होतं. अर्ध्या वाटेवर ओठ बधिर झाले, डोळ्यांसमोरचं हिरवं पांढुरकं दिसायला लागलं. जावई कनू घेऊन पुढे, लेक मागे पिंप आणायला गेलेली. म्हणजे मी एकटी. गुडघ्यावर बसले. डावा पट्टा, लाल खिसा, चिकटपट्टीचा चर्र आवाज. गोळ्या चावल्या आणि मग शिट्टी फुंकली.

लेक धावत आली तोवर मी झाडाला टेकून बसले होते, सॅक पाठीवरच होती. तिने साखर मोजली. बासष्ट. तिकडे मोजमाप वेगळं, त्यांच्या हिशेबात तीन पूर्णांक चार. त्यामुळे जावयांना आकडा ऐकून आधी समजेना की घाबरायचं की नाही. मग चेहरा बघून घाबरले. पंधरा ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. अठ्ठ्याण्णव. चिक्की खाल्ली. लेक म्हणाली, "आई, सॅक मी घेते."

मी म्हटलं, "उरलेलं किती?"

"चारशे मीटर."

"मग तू पिंप आण."

ती दोन क्षण माझ्याकडे बघत राहिली आणि पिंप आणायला गेली. मात्र त्यानंतर पोर्टेजवर मला एकटं कुणी सोडलं नाही, आणि दुपारचा डोस तक्त्यापेक्षाही आणखी कमी करायचा, असं आम्ही तिघांनी ठरवलं.

एक प्रश्न मी हैदराबादेत बसून सोडवू शकले नव्हते, तो अस्वलांचा. तिथे काळी अस्वलं आहेत, म्हणून रात्री वासाचं सगळं, टूथपेस्टसुद्धा, तंबूपासून लांब झाडावर उंच टांगायचं. तंबूत खाणं ठेवायचं नाही. आणि मला तर रात्री उशाशी साखर हवी! यावर आम्ही तिघं शेकोटीशी बराच वेळ बोललो. चिक्की, गोळ्या, त्यांचा संत्र्याचा वास, सगळं झाडावर गेलं. बिनवासाच्या साध्या ग्लुकोज पावडरचा न फोडलेला पुडा, हवाबंद डबीत, डबी पुन्हा बरणीत, एवढंच तंबूत आलं. लाल खिसा ओल्या फडक्याने पुसून रिकामा उलटा केला. रात्री लून पक्षी ओरडत होता, वेड्यासारखा, हसल्यासारखा. मी दोनदा उठून साखर मोजली. अस्वल आलं नाही. आलं असतं तरी त्याला झाडावर शेंगदाण्याची चटणी आधी सापडली असती.

चौथ्या दिवशी पाऊस लागला. नावेत चार बोटं पाणी साचलं, कॅनव्हास भिजून जड झाला. हा या कापडाचा दोष आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आतली पिशवी कोरडी, बरणी कोरडी, पेनं गार.

परत आल्यावर सॅक भाईंना दाखवली. त्यांनी फोटो वगैरे बघितले, पण लक्ष शिवणीवर. उजव्या पट्ट्याच्या फुलीतला एक टाका सैल झाला होता, तो त्यांनी बोटाने शोधला. नवारीचा घामाने पिवळा पडलेला भाग हुंगला, नाक मुरडलं, धुवायला सांगितलं. कॅनव्हासला मेण चोळून इस्त्री फिरवली तर पुढच्या वेळी पाणी कमी पिईल, असं त्यांचं मत पडलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींनाही इन्सुलिन आहे, आणि त्यांना मुलाबरोबर पंढरीची वारी करायची आहे. त्यांच्यासाठी खोली सहा इंच, डोक्याचा पट्टा नको, पण लाल खिसा हवाच, असं माप मी कागदावर काढून दिलंय. भाईंनी त्याच्यावरही काहीतरी खोडलं आहे.